व्हिसा संपल्याची तारीख कॉम्प्युटरला ठाऊक आहे

गोकर्णजवळच्या रामतीर्थ डोंगरावरच्या एका गुहेत जुलै २०२५ मध्ये पोलिसांना एक रशियन बाई आणि तिच्या दोन लहान मुली राहताना सापडल्या, तेव्हा टीव्हीवाल्यांना कितीतरी दिवस दुसरा विषय सुचला नाही. गुहेतला देव, पाऊस, साप, त्या मुली खातात काय आणि शिकतात काय, सगळं दाखवून झालं. या गडबडीत एक साधी गोष्ट बाजूला पडली. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे तिच्या व्हिसाची मुदत २०१७ मध्येच संपली होती. मधे देशाबाहेर पडण्याचा परवाना मिळाला, ती नेपाळला गेली, परत आली आणि राहिली. हे काही गुहेत खणून काढलेलं रहस्य नव्हे. यातलं बरंचसं सरकारी नोंदीत आधीपासून होतं. ती सापडली ती मात्र दरडी कोसळतात म्हणून डोंगरावर गस्त घालणाऱ्या शिपायांना.

त्यानंतर अपेक्षेप्रमाणे मागण्या सुरू झाल्या. ड्रोन आणा, चेहरा ओळखणारे कॅमेरे लावा, परदेशी माणसाच्या मोबाईलमध्ये माग काढणारं अ‍ॅप टाका. आमच्या बेळगावात, खानापुरात, निपाणीतही हे बोलणं चहाच्या टेबलावर ऐकू येतं. गोवा शेजारी, कारवार-गोकर्ण शेजारी, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांब्र्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. मग नजर नको का ठेवायला? हवी. माझं भांडण तंत्रज्ञानाशी नाही. ते कुठं लावायचं याच्याशी आहे. व्हिसाची मुदत हा तारखेचा प्रश्न आहे, आणि तारखेवर नजर ठेवायला माणसाच्या चेहऱ्यावर नजर ठेवावी लागत नाही.

परदेशी पाहुण्याची नोंद कशी होते ते एकदा नीट पाहू. व्हिसा देताना त्याचा फोटो, पासपोर्ट, पत्ता घेतला जातो. दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर तो उतरला की इमिग्रेशनच्या खिडकीवर नोंद होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड सुरू झालंय, म्हणजे आगमनाची माहिती कागदाच्या गठ्ठ्यात न जाता थेट संगणकात जाते. ज्या लॉजमध्ये, होमस्टेत, वसतिगृहात किंवा घरात तो राहील त्या मालकानं चोवीस तासांच्या आत पाहुण्याची माहिती देणारा सी फॉर्म भरायचा. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्यानं चौदा दिवसांत नाव नोंदवायचं. २०१८ पासून ही नोंदणी आणि मुदतवाढ ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या पोर्टलवर होते. या सगळ्याच्या पोटात आयव्हीएफआरटी (इमिग्रेशन, व्हिसा, परदेशी नागरिकांची नोंदणी आणि ट्रॅकिंग) नावाची केंद्र सरकारची योजना आहे. ती २०१० मध्ये मंजूर झाली आणि २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी तिला १,३६४.८८ कोटी रुपये दिले गेले. तिच्या नावातलं शेवटचं अक्षर ‘ट्रॅकिंग’चं आहे. तेव्हा अमुक माणूस कधी आला, कशासाठी आला आणि कोणत्या तारखेपर्यंत राहू शकतो, हे विचारायला नवा कॅमेरा लागत नाही. विमानतळावरून तो परत गेला की नाही, हेही त्याच संगणकाला माहीत असायला हवं.

मग साखळी तुटते कुठं? पहिली कडी आमच्या डोळ्यांसमोर तुटते.

गोव्याहून हंपीला जाणारे परदेशी पर्यटक आमच्याच दारावरून जातात. कुणी चोर्ला घाट चढून कणकुंबी-जांबोटी मार्गे भाड्याच्या बुलेटवर येतं, कुणी अनमोडवरून, कुणी वास्कोहून लोंढामार्गे रेल्वेनं. रात्र झाली, पाऊस लागला की त्यांना एका रात्रीपुरती खोली लागते. बस स्टँडच्या आसपासच्या लॉजात विचारून बघा, निम्मे मॅनेजर पासपोर्ट बघूनच मान हलवतील. ‘फॉरेनर नको ओ, ते सी फॉर्मचं लचांड कोण करत बसणार?’ कारण पोर्टलवर लॉजची नोंदणी करावी लागते, पोलीस खात्याकडून ती मंजूर व्हावी लागते, पासवर्ड मिळावा लागतो, आणि फॉर्म भरताना नेट गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. चुकलं तर शिक्षेची भीती. मोठ्या हॉटेलात हे काम करायला माणूस ठेवलेला असतो. चार खोल्यांच्या लॉजात मॅनेजरच झाडू मारणाऱ्याची हजेरी लावतो आणि मॅनेजरच सी फॉर्म भरतो. जंगलाच्या कडेनं नव्यानं निघालेल्या होमस्टेवाल्यांपैकी काहींना तर असा फॉर्म असतो हेच माहीत नसतं. म्हणजे नियम पाळणाऱ्या पाहुण्याला खोली मिळत नाही आणि तो नोंद न करणाऱ्याच्या घरी जाऊन झोपतो. नोंदीचा धागा तिथंच सुटतो, आणि तो सोडायला त्या पाहुण्यानं काहीच केलेलं नसतं.

यावर खरं तंत्रज्ञान म्हणजे फोनवर पासपोर्टचा फोटो काढला की आपोआप भरला जाणारा, कन्नड, मराठी, कोकणी, हिंदी, सगळ्यांत दिसणारा फॉर्म. यूपीआयचा स्कॅनर पानपट्टीवाल्यापर्यंत पोचवणाऱ्या देशाला हे जमणार नाही असं नाही. ते कुणी मागत नाही एवढंच. ड्रोनचं उद्घाटन होतं, फॉर्मचं होत नाही.

दुसरी कडी जिल्ह्याच्या टेबलावर तुटते. बेंगळुरूला मोठं एफआरआरओ कार्यालय आहे, पण जिल्ह्यात परदेशी नागरिकांचा नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक, आणि बेळगाव शहरात पोलीस आयुक्त. अधिकार त्यांच्या नावावर, काम मात्र कुठल्या तरी शाखेतल्या टेबलावर. आमच्याकडं पोलिसांचं वर्ष कसं जातं हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. गणपतीचं विसर्जन, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि काळा दिन, मग डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन, त्याच्या अलीकडं-पलीकडं निवडणुका, जत्रा, मिरवणुका. बंदोबस्त लागला की टेबलं रिकामी होतात. त्यात परदेशी माणूस पणजीत उतरतो, गोकर्णला रमतो, मधेच दांडेलीला जातो. गोवा पोलिसांना वाटतं तो कर्नाटकात गेला, कारवारला वाटतं तो गोव्यात परतला, आणि बेळगावचा संबंधच काय. नोंद एकाच केंद्रीय संगणकात असूनही ती उघडून ‘याची मुदत काल संपली, हा कुठं आहे?’ असं विचारण्याची जबाबदारी कुणाच्याच रोजच्या कामात बसलेली नाही. गुहेतल्या प्रकरणाचा धडा घ्यायचाच तर हा घ्यावा लागेल. तिथं डोळे कमी पडले नव्हते.

बाहेरच्या देशांनी काय केलंय ते इथं उपयोगी पडतं. युरोपातल्या शेंगेन व्यवस्थेतल्या २९ देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवर शिक्के मारण्याऐवजी नवी प्रवेश-निर्गमन नोंद सुरू केली. आत येताना बोटांचे ठसे आणि चेहरा, बाहेर जाताना त्याच्याशी पडताळणी. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा ओलांडली की यंत्रच सांगतं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ही सगळी यंत्रणा दारावर आहे. पॅरिसच्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला तुझा व्हिसा दाखव म्हणणारा कॅमेरा हा त्या व्यवस्थेचा भाग नाही. अमेरिकेनं प्रवेश आणि निर्गमन जुळवून बघण्याचा कायदा १९९६ मध्येच केला होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाचा चेहरा टिपण्याचा अंतिम नियम आला २०२५ च्या ऑक्टोबरात. जवळपास तीस वर्षं. पैसा आणि यंत्रं असूनही एवढा वेळ लागतो, कारण आत येणारा आणि बाहेर जाणारा माणूस एकच आहे हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. नावाची स्पेलिंग बदलते, पासपोर्ट नवा निघतो, माणूस विमानानं येऊन रस्त्यानं जातो. नेपाळमार्गे जाणाऱ्या-येणाऱ्यांचं आपल्याकडं हेच होतं.

आता रस्त्यावरच्या कॅमेऱ्याकडं येतो. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ मध्ये बेळगावचं नाव आलं, तेव्हापासून चौकाचौकात कॅमेरे आहेत, ते बघायला कंट्रोल रूम आहे. त्याला चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडायचं म्हटलं तर फार मोठं काम नाही. पण थोडा हिशेब करू. समजा, रेल्वे स्टेशन आणि बस स्टँड मिळून दिवसाला एक लाख चेहरे कॅमेऱ्यासमोरून गेले आणि यंत्र हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा बरोबर निघालं. ऐकायला झकास आहे. तरी रोज शंभर माणसांवर खोटा इशारा वाजेल. मुदत संपलेला खरा परदेशी त्या गर्दीत महिन्यातून एखादा असेल किंवा नसेल. म्हणजे महिन्याला तीन हजार निरपराध माणसं बाजूला घ्यायची, एका तारखेसाठी, जी संगणकात आधीच लिहिलेली आहे. आणि हजारात एक चूक हा आकडा मी उदार मनानं धरलाय. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ते ऐंशी टक्के जुळणीलाच ‘जुळलं’ म्हणतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनं २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम तपासले, तेव्हा आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत अनेकांची खोटी जुळणी गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत दहा ते शंभर पटीपर्यंत जास्त निघाली. गोठ्याचं दार उघडं टाकून रानभर गुराखी धाडावेत, तसा हा कारभार होईल.

आणि बाजूला घेतलं कुणाला जाईल? गोकर्णच्या रशियन माणसाला नव्हे. तो लांबूनच ओळखू येतो. घेतलं जाईल ते इथल्याच लोकांना. मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. तिथं जन्मलेली, कन्नड फाडफाड बोलणारी पोरं हुबळी-बेळगावला शिकायला, स्वेटर विकायला येतात. त्यांच्याकडं नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, २०२५ च्या नव्या कायद्याखालच्या आदेशात त्यांच्यासाठी वेगळी तरतूदही आहे; पण कॅमेऱ्याला तरतूद वाचता येत नाही. चायनीजच्या गाडीवरचा नेपाळी आचारी आहे. नेपाळच्या नागरिकाला भारतात यायला व्हिसाच लागत नाही, त्यामुळं त्याची मुदत संपण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मणिपूर-मिझोरामहून आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, जिला भारतातच भारतीय असल्याचं सांगत फिरावं लागतं. सराफी पेढीच्या माळ्यावर बसून काम करणारा बंगाली कारागीर आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात बांगलादेशी शोधण्याची मोहीम निघाली तेव्हा मुंबईतून उचललेल्या काही बंगाली भाषक मजुरांना थेट सीमेपलीकडं ढकललं गेलं, आणि ते भारतीयच आहेत हे पश्चिम बंगालनं दाखवून दिल्यावर परत आणावं लागलं. त्यांची तारीख कुणी तपासली नव्हती. त्यांची बोली ऐकली होती.

सीमाभागातल्या मराठी माणसानं तरी हे चटकन ओळखावं. तुम्ही कोण, इथं कसे, कागद दाखवा, हे प्रश्न आपल्याला नवीन नाहीत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा कागद नसलेल्या, लग्नाला निघालेल्या, दवाखान्याला निघालेल्या माणसांच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्र्यांनाही बेळगावात यायला बंदी झाली होती. आणि कागदाचं म्हणाल तर खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही घरात जाऊन बघा: शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत एक, उताऱ्यावर कन्नडमध्ये दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं. एकाच आजोबांची तीन आडनावं. सुदैवानं आपल्याकडं कुणी परदेशी म्हणून बघत नाही. पण उद्या यंत्र नावं जुळवायला बसलं की त्याला काय दिसणार?

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही, कायद्याचाही आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्टनं चार जुने कायदे, त्यातला एक तर १९२० चा, मोडीत काढून एक केले. सुटसुटीतपणाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकणारं जुनं कलम नव्या कायद्यातही राहिलं. त्या जुन्या कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात बजावलं होतं, की सरकारच्या हाती आधी काही ठोस असायला हवं. वाटेल त्याला उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही. नावाच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले किरकोळ फरक त्याला पुरे नाहीत, असंही म्हटलं. ज्याच्याविरुद्ध ते प्रकरण होतं तो माणूस निकालाआधीच वारला होता. कॅमेऱ्याची ऐंशी टक्के जुळणी म्हणजे ठोस पुरावा का, हा प्रश्न आता कुणीतरी विचारायला हवा.

त्याच महिन्यात, ८ जुलै २०२४ ला, न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी दुसरा निकाल दिला. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका परदेशी आरोपीला जामीन देताना गुगल मॅपवर आपल्या जागेची पिन तपास अधिकाऱ्याला दाखवत राहण्याची अट घातली होती. न्यायालयानं ती रद्द केली: आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवणारी अट राज्यघटनेच्या कलम २१ च्या, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या, विरुद्ध आहे. गंमत म्हणजे त्या पिननं थेट माग काढताच येत नाही, असं खुद्द गुगलनंच न्यायालयाला सांगितलं होतं. म्हणजे अट घालणाऱ्यांना तंत्रज्ञान समजलेलं नव्हतं आणि हक्कही. मोबाईल अ‍ॅपची मागणी करणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. ब्रिटननं काही स्थलांतरितांच्या पायाला जीपीएसचे पट्टे बांधून बघितले. २०२४ मध्ये तिथल्याच माहिती आयुक्तांनी तो प्रयोग नियमबाह्य ठरवला. आपल्याकडं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे, म्हणजे असा आयुक्त उभा राहील याचीही खात्री नाही.

सुरक्षेचा मुद्दा मी टाळत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर अमली पदार्थांचा धंदा करणारे परदेशी आहेत, आणि त्यातल्या काहींचे व्हिसा संपलेले असतात. त्यांना धंद्यासाठी पकडावं, खटला चालवावा, शिक्षा झाली की परत पाठवावं. पण खटला वर्षानुवर्षं चालतो, तोवर देश सोडायला बंदी असते, आणि न्यायालयाच्या अटीमुळं थांबलेला माणूस व्हिसाच्या हिशेबात मुदतबाह्य होतो. त्याला मुदत ओलांडल्याचा गुन्हाही लावायचा का? जो हेर म्हणून येईल तो सहसा मुदत ओलांडून स्वतःकडं लक्ष वेधून घेणार नाही. जो व्हिसाशिवाय नदी ओलांडून आला त्याची तारीखच नोंदलेली नाही, त्यामुळं ही यंत्रणा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाच कॅमेऱ्यानं तिन्ही सुटतील असं सांगणारा बहुधा कॅमेरे विकणारा असतो.

राहतो तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कंटाळवाणा वर्ग: विसरलेले, पैसे संपलेले, आजारी पडलेले, कॉलेजचा दाखला वेळेत न मिळालेले, पासपोर्ट हरवलेले. मुदत संपल्यावर देश सोडायलाही परवाना लागतो. तो मागायला जावं तर नव्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही समोर दिसतं. मग माणूस जात नाही, लपतो. यातली गोम आपल्या लोकांना चांगली कळते, कारण आपलीही पोरं आखातात आहेत. मालक बदलला, कागद अडकले, व्हिसा संपला, आणि मग तिथं खोलीत दडून काम करणं. असा एखादा भाचा-पुतण्या बऱ्याच घरांत निघेल. संयुक्त अरब अमिरातीनं १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी चार महिन्यांची सवलत दिली: दंड माफ, एकतर कागद नीट करा नाहीतर घरी जा. तंत्रज्ञानाच्या बाबतीत तो देश आपल्यापुढं आहे, विमानतळावर डोळ्यांच्या बुबुळावरून माणूस ओळखतो. तरी दडलेल्यांना बाहेर काढायला त्यालाही दार किलकिलं करावं लागलं.

तसं दार आपण का ठेवू नये? मुदत संपायच्या तीस दिवस आधी आणि सात दिवस आधी मोबाईलवर आणि ईमेलवर संदेश, तोही त्याच्या भाषेत. त्या संदेशातूनच मुदतवाढीचा किंवा बाहेर पडण्याच्या परवान्याचा अर्ज. स्वतःहून पुढं आला तर ठरलेला दंड भरून मोकळा, तुरुंगाची टांगती तलवार नाही. मुदत संपली, विमानतळावर निर्गमनाची नोंद नाही, अर्जही नाही, असं असेल तरच त्याच्या शेवटच्या सी फॉर्मच्या जिल्ह्याला सूचना. मग शिपाई जाऊ दे, त्या दारावर, हातात त्याच माणसाचं नाव घेऊन. चौकात उभा राहून तोंडं बघत नव्हे. बँक हप्ता चुकायच्या आधी चार वेळा मेसेज पाठवते. सरकारला हे महाग पडेल असं कुणी म्हणू नये.

ब्रिटिशांच्या काळात गोव्याला जाणारी गाडी कॅसलरॉकला थांबायची, पलीकडं पोर्तुगिजांच्या हद्दीत कुळ्याला थांबायची. सामान, कागद जे काय बघायचं ते तिथं. खानापूरच्या बाजारात येऊन कुणी विचारत नसे. सीमा डोंगरावर होती आणि तपासणीही तिथंच.

दर डिसेंबरात आमदार बेळगावला येतात, दहा दिवस शहराचे रस्ते बंद करतात आणि उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवर बोलल्याचं समाधान घेऊन जातात. यंदा त्यातल्या एकानं तरी गृहमंत्र्यांना विचारावं: बेळगाव आणि कारवार या दोन जिल्ह्यांत वर्षभरात किती सी फॉर्म आले, किती जणांची मुदत इथला पत्ता असताना संपली, त्यातल्या किती जणांना आधी एक तरी संदेश गेला, आणि हे बघणारे किती कर्मचारी बंदोबस्त सोडून त्या टेबलावर बसलेले असतात. हे आकडे सभागृहापुढं आले की मग कॅमेऱ्यांच्या टेंडरबद्दल बोलू.